बॅगपाइप: फाशीपासून स्पर्धेपर्यंत

ब्रिटिशांनी स्कॉटलंडमध्ये बॅगपाइपवर बंदी घातली होती, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पण १७४६च्या कायद्यात या वाद्याचं नावच नाही! हां, त्याच वर्षी बंडात पकडलेल्या जेम्स रीड नावाच्या पाइपरला यॉर्कला फाशी दिली. बॅगपाइप हेच युद्धाचं हत्यार, असं कोर्ट म्हणालं.

खरा फटका वेगळाच होता. पाइपर पदरी बाळगणारे सरदार कमी होत गेले. मग लंडनच्या हायलँड सोसायटीने १७८१ मध्ये फॉल्कर्कच्या गुरांच्या बाजाराच्या वेळी स्पर्धा भरवली. कला टिकली, पण बदललीही. पूर्वी गुरू सुरावट तोंडाने म्हणून शिकवायचा, आपल्या तबल्याच्या बोलांसारखी. १८०६ मध्ये सोसायटीने ती पाश्चात्त्य नोटेशनमध्ये लिहिणाऱ्याला बक्षीस दिलं. झालं! हळूहळू छापलेलं तेच बरोबर. परीक्षकांची सोय, पण गुरूगणिक असलेले फरक पुसट झाले. मला हा सौदा महागच वाटतो.

स्वरही चढत गेला. पियानोचा ए ४४० हर्ट्झ, तर आजच्या स्पर्धेतल्या पाइपचा ४८०च्या आसपास! त्याला तीन ड्रोन जुळवायचे: दोन एक सप्तक खाली, तिसरा दोन सप्तकं. फुंकेवर चालणारा तानपुराच म्हणा ना. श्वासाच्या ओलाव्याने रीड बदलते, थंडीत स्वर उतरतो. म्हणून पाइपर आधी बराच वेळ वाजवून वाद्य गरम करतो, मग परीक्षकांसमोर पुन्हा ड्रोन जुळवतो. रचना सुरू झाली की दोन्ही हात भोकांवर, जुळवणार कधी?