आपोआप जिरलेली गाठ

कॅन्सरची गाठ आपोआप जिरते का हो? एरवी हा प्रश्न मी फॉरवर्डेड मेलच्या खात्यात टाकला असता. पण रेटिनोब्लास्टोमाच्या बाबतीत तो खुद्द डॉक्टरांनाच पडला होता.

रेटिनोब्लास्टोमा म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याला होणारा कॅन्सर. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक. स्कॉटिश सर्जन जेम्स वॉर्ड्रॉप यांनी १८०९ साली तो वेगळा रोग म्हणून मांडला आणि उपाय सुचवला: डोळाच काढून टाका. तेव्हा भूल द्यायची सोय नव्हती, हे लक्षात घ्या! डोळ्याच्या आत बघायचं यंत्रही हेल्महोल्ट्झ यांनी आणलं ते १८५१ मध्ये.

त्या यंत्रानेच पुढे कोडं घातलं. आजारी मुलांच्या आईवडिलांचे डोळे तपासताना कधीकधी एखाद्याच्या पडद्यावर जुनी, थंड पडलेली गाठ सापडायची. करड्या रंगाची, आत चुन्यासारखे पांढरे कण. माणूस मात्र ठणठणीत! म्हणजे यालाही लहानपणी कॅन्सर होऊन तो आपोआप बरा झाला? बरीच वर्षं तसंच समजलं जायचं.

१९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदींवरून गणित मांडलं की या कॅन्सरला दोन धक्के लागतात. आपल्या भाषेत, मेन सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही बंद पडले पाहिजेत. ते जनुक, आरबी-१, १९८६ मध्ये हाती लागलं. त्याआधी १९८२ मध्ये ब्रेंडा गॅली आणि सहकाऱ्यांनी वेगळाच मुद्दा काढला होता: ही गाठ बरी झालेली नाही, ती कॅन्सरपर्यंत पोचलीच नाही. तिला नाव दिलं रेटिनोमा. २००८ च्या संशोधनात दिसलं की रेटिनोमातही दोन्ही प्रती गेलेल्या असतात, पण पेशी वाढायच्या थांबतात. आणखी बिघाड झाले तर मात्र कॅन्सर.

खरोखर जिरलेल्या गाठीही असतात. पण त्यात बहुधा रक्तपुरवठा तुटून गाठ मरते आणि डोळाही आक्रसून जातो.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. 'बरा झालेला' बाप निर्धास्त राहतो. रेटिनोमावाल्याला मात्र सांगावं लागतं की दोष वंशातला असेल तर तो प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी आहे, आणि तुमचाही डोळा तपासत राहावा लागेल. म्हणून फ्लॅशच्या फोटोत बाळाची बाहुली पांढरी चमकली तर 'जिरेल आपोआप' म्हणून थांबू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. वेळेत सापडलं तर बहुतेक मुलं वाचतात.