दहा थाऊ

यूट्यूबवर लहान इंजिन दुरुस्तीचे व्हिडिओ शोधले की गवत कापायच्या मशिनची इंजिनं दिसतात. अमेरिकेतलं कुठलं तरी गॅरेज, भंगारातून आणलेलं मशिन, आणि वीस मिनिटांत ते पुन्हा धडधडायला लागतं. संगमनेर तालुक्यात आमच्याकडे लॉन नाही. विहीर आहे, आणि तिच्या काठावर पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं जाम होऊन पडलेलं पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन होतं.

भंगारवाला ते किलोच्या भावानं मागत होता. वडील द्यायला तयार होते. आबा काहीच बोलत नव्हते, आणि तेच अवघड होतं. मी मेकॅनिकलची पदवी घेऊन पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. चार वर्षांत कॉलेजच्या लॅबमध्ये कापून ठेवलेलं इंजिन पाहिलं होतं, चालू होणारं एकही उघडलं नव्हतं. मी म्हणालो, "दोन महिने थांबा. नाही झालं तर मीच गाडीत भरून देतो."

हे इंजिन आमच्याकडे आलं तो काळ समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याचे कालवे ओझरच्या बंधाऱ्यापासून निघतात आणि पूर्वेकडे जातात. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, लोणीला सहकारी साखर कारखाना आला. कालव्याच्या वर राहिलेल्या आमच्यासारख्या गावांना मात्र विहीर आणि मोट एवढंच होतं. बैल सलग काम करताना ढोबळमानाने अर्धी अश्वशक्ती देतो. म्हणजे पाच अश्वशक्तीचं इंजिन हे न थकणाऱ्या पाच बैलजोड्या.

असं इंजिन महाराष्ट्रात बनायला लागलं, त्यामागे गावातल्या लोखंडकामाची मोठी परंपरा आहे. बेळगावात सायकलचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. तोही पुढे डिझेल इंजिनांसाठी ओळखला गेला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. पुढे भूविकास बँकेकडून विहिरीसाठी आणि इंजिनासाठी कर्ज मिळू लागलं, आणि शिवारात 'टुक-टुक-टुक' हा आवाज ओळखीचा झाला. आबांनी १९७२ च्या दुष्काळानंतर विहीर खोल केली आणि चार वर्षांनी हे इंजिन घेतलं, तेही सेकंडहँड.

इंजिन बंद पडलं त्यात दोष आमचाच. विहिरीतून येणारं पाणीच इंजिनला थंड ठेवायचं. फूट व्हॉल्व गळका होता, पंपानं पाणी सोडलं आणि इंजिन कोरडंच तापत राहिलं. पिस्टन लाइनरला धरला. तोवर विजेची मोटर आलीच होती, मग कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

संगमनेरमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठलं. ते शेडवर आले, फ्लायव्हीलला हात लावला आणि म्हणाले, "मोजल्याशिवाय काय बोलायचं नाही." हेड काढून आम्ही सिलिंडरमध्ये रॉकेल आणि डिझेल ओतलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकल्यावर पिस्टन हलला. लाइनरवर नखाला लागतील असे ओरखडे होते. हेडच्या पाण्याच्या वाटा गंजून खाल्ल्या होत्या.

मग भंगार दुकानांच्या फेऱ्या. या मॉडेलचा बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, क्षमता ५५३ सीसी. ही मापं कित्येक वर्षं तशीच राहिली, म्हणून एकाचं हेड दुसऱ्याला बसतं. हेड एका इंजिनचं मिळालं, लाइनर आणि पिस्टन दुसऱ्याचे, फ्युएल पंप तिसऱ्याचा. नोझल तेवढं नवं घेतलं. माझा चार वर्षांचा फोन अपडेट घेत नाही. इथे चाळीस वर्षांच्या फरकाचे भाग मुकाट एकमेकांत बसत होते.

अडलो ते क्रँकशाफ्टवर. मी स्टँडर्ड मापाची बेअरिंग आणली. बसवली, तर ढिली. मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावला आणि हसले. क्रँक आधीच कधीतरी दहा थाऊ घासलेली होती. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. कनेक्टिंग रॉडवरच्या खुणाही आमच्या इंजिनच्या नव्हत्या. म्हणजे ज्याला आम्ही 'आबांचं इंजिन' म्हणत होतो, ते आबांकडे येण्याआधी किंवा नंतर कुणीतरी असंच जुळवलेलं होतं. आबांना विचारलं. त्यांना एवढंच आठवलं की एका सुगीत दोन दिवस इंजिन बंद होतं आणि मिस्त्री इथेच जेवले होते.

कारखाना कुणी काढला हे आपल्याला माहीत असतं. पण इंजिन चाळीस वर्षं चाललं ते लेथवाल्यांमुळे, नोझल तपासणाऱ्यांमुळे, भंगारातून नेमका भाग उचलणाऱ्यांमुळे. त्यांची नोंद कुठेच नाही. त्यांच्या कामाचा पुरावा म्हणजे पाव मिलिमीटर कमी झालेलं लोखंड.

क्रँक आणखी दहा थाऊ घासून वीसच्या मापाची बेअरिंग टाकली. पिस्टनवर शिशाची तार ठेवून हेड आवळलं, काढलं, चेपलेली तार मोजली. पिस्टन आणि हेडमधली फट त्यावरून कळते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण सोळापट दाबली जाते, तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. फट चुकली की एक तर इंजिन पेटत नाही, नाहीतर पिस्टन आपटतो.

शेवटी पाइपमधली एअर काढली, डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलला आणि हँडल मारलं. पहिल्या तीन वेळा नुसता पांढरा धूर. चौथ्या वेळी इंजिननं धरलं. आबा ओट्यावरून उठून शेडपर्यंत आले, थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी चालू आहे का बघ आधी."

आता रात्रीची वीज गेली की वडील इंजिन लावतात. भंगाराचा विषय निघालेला नाही. मिस्त्रींच्या सांगण्यावरून मी एका पत्र्यावर ऑइल पेंटनं लिहून शेडच्या भिंतीला ठोकलंय: क्रँक वीस थाऊ कमी, हेड, लाइनर, पिस्टन आणि पंप दुसऱ्या इंजिनांचे, तारीख, आणि खाली मिस्त्रींचं नाव. पुढे जो कुणी उघडेल, त्याची एक फेरी वाचेल.