जीपचं काळीज

भिवापूर म्हटलं की सगळ्यांना मिरची आठवते. आठवणारच, 2016 साली तिला जीआय मानांकनही मिळालं! पण ती मिरची शेतातून बाजारात यायची कशी? बैलगाडीतून, पुढे ट्रॅक्टरमधून आणि अर्थात जीपमधून. आज त्या जीपबद्दल लिहितोय, म्हणजे खरं तर तिच्या इंजिनाबद्दल.

मंडळी, जुनी जीप समोरून पाहिली तर बॉनेट जरा जास्तच उंच वाटतं. मुळात युद्धातली विलीज बुटकी होती. नंतर विलीजने हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन काढलं. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये बसवले होते, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली. ते मावावं म्हणून बॉनेट उचललं आणि 1953 ची सीजे-3बी तयार झाली. थोडक्यात काय, या गाडीचा चेहरामोहराच मुळी इंजिन बदलल्यामुळे घडला आहे.

महिंद्राने 1949 साली मुंबईत माझगावला पहिली विलीज जुळवली. पुढे हीच उंच बॉनेटवाली जीप इथे बनू लागली. अमेरिकेत ती 1968 मध्ये बंद झाली, आपल्याकडे मात्र तिची वंशावळ कितीतरी वर्षं चालू राहिली. अडचण एकच, पेट्रोल फार पिते! 1973 नंतर तेल भडकलं आणि शेतकऱ्याला ही जीप पोसणं जड झालं.

डिझेल इंजिन शेजारच्या ट्रॅक्टरमध्येच होतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत साठच्या दशकात बी-275 ट्रॅक्टर बनू लागला होता. सत्तरच्या दशकात त्याच घराण्यातलं इंजिन कंपनीने जीपमध्ये बसवलं. पुढे फ्रान्सच्या प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल आलं, ते 1985 च्या एमएम 540 मध्ये बसलं.

जे कंपनीने केलं तेच ठिकठिकाणच्या मिस्त्रींनीही केलं, पण त्यांच्याकडे नकाशे नव्हते. ट्रॅक्टरचं इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीत पाटे वाढवायचे. इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत, म्हणून लेथवर मधली जाड प्लेट कापून घ्यायची. फाउंडेशन नव्याने वेल्ड करायचं. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, तेव्हा बॅटरी आणि स्टार्टर मोठा लागतो. एवढं करूनही गाडी पळत नाही! सीजे-3बीच्या एक्सलचा रेशो 5.38 आणि ट्रॅक्टरचं इंजिन सावकाश फिरणारं. मग क्राउन-पिनियनही बदला.

आता अशा गाड्यांची दोन्हीकडून कोंडी झाली आहे. 15 वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर 5 वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि मोटारींसाठी त्याची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 झाली. त्यामुळे बऱ्याच जीप भंगाराच्या वाटेवर आहेत. उरलेल्या शौकिनांच्या हाती पडल्या, की ते डिझेल काढून फेकतात, शोधून हरिकेन बसवतात, वर लष्करी हिरवा रंग देतात आणि म्हणतात, गाडी 'ओरिजिनल' केली.

मला हे पटत नाही. पेट्रोल इंजिन हा जीपचा अमेरिकेतला जन्म झाला. तिने इथे जे आयुष्य काढलं, ते डिझेलवर. ते इंजिन उतरवलं की पोती वाहणारी, आजारी माणसाला दवाखान्यात नेणारी जीप पुसली जाते आणि उरते ती फक्त युद्धाच्या सिनेमातली.

इंजिन बदललं की आरसी बुकात नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. तो बसवणाऱ्या मिस्त्रीचं नाव मात्र कुठेच लिहिलं जात नाही. म्हणून घरच्या मंडळींना एक सांगणं. कुणाच्या कोठ्यात अशी जीप उभी असेल तर विकण्याआधी म्हाताऱ्यांना विचारा : इंजिन कधी बदललं, कुठे, कुणी? आणि आरसीच्या झेरॉक्समागे ते पेनाने लिहून ठेवा. सांगणारे आता थोडेच उरलेत.