मान कोणाच्या हाती द्यायची?

मणक्यांवर हातांनी दाब देऊन उपचार करणारी कायरोप्रॅक्टिक पद्धत अमेरिकेतली. १८९५ मध्ये आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका जागेवर बसवला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं, असा त्यांचा दावा. दोन वर्षांत त्यांनी शाळा काढली. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तेच तुरुंगात गेले.

१९१३ मध्ये कॅन्ससने परवान्याचा पहिला कायदा केला. शेवटचं राज्य लुइझियाना, १९७४ मध्ये. म्हणजे सगळा देश कायद्याखाली यायला जवळपास ऐंशी वर्षं लागली.

डॉक्टरांच्या संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, या व्यवसायावर बहिष्कार घातला होता. १९७६ मध्ये चेस्टर विल्क आणि सहकारी कोर्टात गेले. १९८७ मध्ये बहिष्कार बेकायदा ठरला. पण उपचार शास्त्रीय आहे, असा निर्वाळा कोर्टाने दिला नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये पूर्ण प्रशिक्षणासाठी किमान ४२०० तास सुचवले. भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा नाही. फौजेत परीक्षा घेतल्याशिवाय आम्ही जवानाला फायरिंगलाही उभं करत नाही. इथे तर मान जोरात फिरवल्यावर मेंदूकडे जाणारी धमनी फाटल्याच्या, क्वचित का होईना, नोंदी आहेत. तेव्हा 'कट्' आवाजाच्या व्हिडिओला भुलू नका. आधी विचारा: कुठे शिकलात, किती वर्षं, नोंदणी कुठे?