रोझ बोल १९४२ : जॅक योशिहारा मागे राहिला

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो बहुतेक वेळ हातातच असतो आणि पायांपेक्षा खांद्यांची धडक जास्त चालते. मला या खेळाचं फारसं वेड नाही. पण ओरेगन स्टेट कॉलेजच्या १९४१ च्या संघाबद्दल मी मिळेल ते वाचत आलो आहे, ते जॅक योशिहारामुळे.

हे कॉलेज कॉर्व्हॅलिस या लहानशा गावातलं. त्या हंगामात दोन सामने हरूनही संघाने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॉलेजांचं विजेतेपद मिळवलं आणि रोझ बोलचा मान पटकावला. हा सामना दर नववर्षाला कॅलिफोर्नियात, पॅसाडेनाला होतो. समोर होतं नॉर्थ कॅरोलिनाचं ड्यूक विद्यापीठ, त्या हंगामात एकदाही न हरलेलं.

७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पश्चिम किनाऱ्यावरही बॉम्ब पडतील या धास्तीने लष्कराने पॅसाडेनाची गर्दी नको म्हणून सांगितलं. तेव्हा ड्यूकचे प्रशिक्षक वॉलेस वेड यांनी सामना आपल्या डरहॅमच्या मैदानावर घ्यायची तयारी दाखवली. ओरेगनची पोरं आगगाडीने अख्खा देश ओलांडायला निघाली.

जॅक त्यांच्यात नव्हता. संघाच्या फोटोत तो आहे, गाडीत नव्हता. जन्म जपानचा, पण तीन वर्षांचा असताना तो पोर्टलँडला आला आणि तिथेच वाढला. तरी तो अमेरिकेचा नागरिक नव्हता. कारण जपानमध्ये जन्मलेल्या माणसाला त्या काळच्या कायद्याने नागरिकत्व मागताच येत नसे. ही आडकाठी १९५२ साली दूर झाली. आधी दार लावून घ्यायचं आणि मग बाहेर उभ्या असलेल्याला विचारायचं, तू आत का नाहीस? हल्ल्यानंतर जपान्यांच्या प्रवासावर बंधनं आली. एफबीआयची माणसं मैदानावर आली, आणि जॅकचा रोझ बोल तिथेच संपला.

डरहॅमला १ जानेवारीला पाऊस पडत होता. शेजारच्या विद्यापीठांकडून बाकं उसनी आणून ५६ हजार माणसं बसवली होती. ओरेगन स्टेटने २०-१६ असा सामना जिंकला. सगळे ड्यूकच जिंकणार म्हणत होते.

पुढच्या महिन्यात, १९ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो कुप्रसिद्ध हुकूम काढला. सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाची माणसं घरदार सोडून तारेच्या कुंपणाआड गेली. त्यातली दोन तृतीयांश तर जन्माने अमेरिकन नागरिक. पोर्टलँडच्या जपान्यांना आधी जनावरांच्या प्रदर्शनाच्या इमारतीत ठेवलं होतं. जॅक आयडाहोच्या मिनिडोका छावणीत पोचला. (आपल्याकडे १९६२ च्या युद्धात चिनी वंशाच्या हजारो माणसांना राजस्थानातल्या देवळीला डांबलं होतं. आसाम-बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबं होती ती. आपल्या पाठ्यपुस्तकांत मला ती कुठे भेटली नाहीत.)

त्या दिवशी एकमेकांना भिडलेले बहुतेक खेळाडू पुढे एकाच गणवेशात गेले. वेड स्वतः पन्नाशीच्या उंबरठ्यावर सैन्यात दाखल झाले. ड्यूकचा चार्ल्स हेन्स इटलीत गंभीर जखमी होऊन पडला असताना त्याला उचलून नेणाऱ्यांत ओरेगनचा फ्रँक पार्कर होता. ही हकिगत अमेरिकेत मोठ्या प्रेमाने सांगितली जाते, आणि सांगावी अशीच आहे. जॅकची मात्र बरीच वर्षं कुणी सांगत नव्हतं.

संघाची रोझ बोलची अंगठी त्याला काही दशकांनी मिळाली. २००८ मध्ये विद्यापीठाने युद्धामुळे शिक्षण तुटलेल्या जपानी वंशाच्या ४२ विद्यार्थ्यांना मानद पदव्या दिल्या. त्यांतले बरेचसे तोवर हयात नव्हते. जॅक होता.