तुरटी, डिंक आणि आपोआप धरणारा पापुद्रा

पावसाळ्यात काळ्या रानांतली माती घेऊन कयाधूचे पाणी गढूळ होते. कळमनुरीकडेच काय, आपल्याकडे सगळीकडेच अशा पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवीत, आणि गाळ तळाशी बसे. यात जादू नाही. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना लोटतात, म्हणून कण तरंगत राहतात. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनिअमचा भार धन. तो मिळाला की कणांची तेढ मिटते. गुरुजींनी हे दोन पेल्यांत मुलांना जरूर दाखवावे.

आता कणांऐवजी धाग्यासारखे लांब रेणू घ्या. एकावर जागोजाग धन भार, दुसऱ्यावर ऋण. १९२९ साली हॉलंडमध्ये बुंगेनबर्ग द योंग आणि क्रोइट यांनी अशा द्रावणांतून दाट थेंब वेगळे कसे होतात ते सांगितले. त्यांच्या प्रयोगांत जिलेटिन होते आणि डिंक होता. आपल्या बाभळीच्याच भाऊबंदांचा! १९६१ साली अमेरिकेत मायकेल्स आणि मिएका यांनी मुद्दाम बनवलेले विरुद्ध भारांचे रेणू एकत्र केले, तो लगेच साका धरला. नुसत्या ओढीने हे रेणू चिकटत नाहीत, बरे का. प्रत्येकाभोवती क्षाराचे बारके भारित कण अडकलेले असतात. जोडी जमली की ते मोकळे होतात, आणि त्यानेच गाठ पक्की होते. पाण्यात मीठ फार झाले, तर ती सैल पडते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९८० सालचा प्रयोग. लिम आणि सन यांनी इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी समुद्रशेवाळातल्या अल्जिनेटमध्ये कालवल्या आणि त्याचे थेंब कॅल्शियमच्या द्रावणात सोडले. खसखशीसारखे मणी झाले. अल्जिनेटचा भार ऋण. मणी पॉलिलायसिन या धन भाराच्या रेणूंच्या द्रावणात बुडवताच अंगावर पापुद्रा धरला. त्याची छिद्रे अशी, की साखर आत जावी, इन्सुलिन बाहेर यावे, पण परक्या पेशींवर तुटून पडणारी शरीराची प्रतिद्रव्ये बाहेरच अडावीत. मधुमेही उंदरांच्या पोटात हे मणी ठेवले, तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर दोन-तीन आठवडे ताळ्यावर राहिली. माणसांसाठी मात्र हा रोजचा उपाय झालेला नाही. मण्यांभोवती शरीर स्वतःचे जाळे विणते आणि आतल्या पेशी गुदमरतात. अडचण तिथे आहे.

पुढे १९९० नंतर डेशर यांनी एकाआड एक धन आणि ऋण थर चढवण्याची रीत रूढ केली. तशा थरांच्या गाळण्या आज पाण्यातले क्षार आणि रंग अडवण्यासाठी वापरात आहेत.