आधुनिक चकमक युद्धखेळाचे नियमसंच

आधुनिक चकमक युद्धखेळ हा लघुप्रतिमा मांडून मेजावर खेळला जाणारा युद्धखेळाचा एक प्रकार आहे. यात एक प्रतिमा म्हणजे एक सैनिक असे प्रमाण असते आणि प्रत्येक बाजूस साधारणतः दहा ते चाळीस प्रतिमा असतात. दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ हा त्याचा विषय होय. हालचाल, गोळीबार, जखमा, मनोधैर्य व जय-पराजय कसे ठरवावयाचे हे सांगणाऱ्या नियमांच्या समूहास नियमसंच म्हणतात. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास मुले मातीचे किल्ले उभारून त्यांवर मावळ्यांच्या मूर्ती मांडतात. तेथे भूभाग व प्रतिमा दोन्ही असतात, परंतु नियम नसतात. युद्धखेळ सुरू होतो तो नियमांपासून.

इतिहास

प्रशियातील फोन राइसविट्झ यांनी इ.स. १८१२ मध्ये राजापुढे एक युद्धखेळ सादर केला. त्यांच्या मुलाने त्यात सुधारणा करून १८२४ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध केले. नकाशा, फासे आणि पंच ही या खेळाची अंगे होती. पुढे १८७६ मध्ये युलियस फोन व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा यांनी बहुतेक लिखित नियम बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला. काटेकोर नियम की जाणत्याचा निर्णय, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने खेळण्यातील सैनिकांचा युद्धखेळ सामान्य वाचकांपर्यंत नेला. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ च्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकानंतर हा छंद ब्रिटनमध्ये अधिक पसरला.

अंतराचा प्रश्न

आधुनिक काळासाठी नियमसंच निवडताना मुख्य अडचण शस्त्रांच्या पल्ल्याची असते. सहा फूट लांबीचे मेज सुमारे १.८३ मीटर भरते. २८ मिलिमीटर उंचीच्या प्रतिमांचे प्रमाण सुमारे १:५६ धरल्यास हे मेज प्रत्यक्षातील सुमारे १०० मीटर भूभाग दाखविते. १:७२ प्रमाणात हे अंतर सुमारे १३० मीटर, तर १५ मिलिमीटर प्रतिमांच्या १:१०० प्रमाणात सुमारे १८० मीटर होते. भारतीय सैन्यातील इन्सास रायफलीचा प्रभावी पल्ला ४०० मीटर मानला जातो. म्हणजे यांपैकी कोणत्याही प्रमाणात संपूर्ण मेज रायफलीच्या टप्प्यातच असते. रणगाड्याच्या तोफेस दोन किलोमीटर अंतर द्यावयाचे झाल्यास १:१०० प्रमाणात २० मीटर लांबीची जागा लागेल.

त्यामुळे तलवार-भाल्यांच्या काळाच्या खेळात महत्त्वाचे ठरणारे पल्ल्याचे कोष्टक येथे दुय्यम ठरते. कोण कोणास पाहू शकतो, गोळीबाराखाली कोण जागीच खिळून राहतो आणि पुढची कृती करण्याची संधी कोणास मिळते, या तीन प्रश्नांना नियमसंच काय उत्तर देतो यावरून त्याची पारख करणे अधिक उपयुक्त ठरते.

निवडीचे निकष

कृतीचा क्रम : बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने खेळी केल्यास एका बाजूची तुकडी उघड्या मैदानातून धावत असताना दुसरी बाजू स्वस्थ बसते. हा दोष टाळण्याचे अनेक मार्ग आहेत. दुसऱ्या महायुद्धावरील ‘बोल्ट ॲक्शन’ (२०१२) या नियमसंचात पिशवीतून फासे काढून तुकड्यांचा क्रम ठरतो. ‘क्रॉसफायर’ (१९९६) मध्ये ठरावीक फेऱ्या व मोजपट्टी दोन्ही नाहीत. कृती फसली की पुढाकार प्रतिपक्षाकडे जातो. आधुनिक काळासाठी लिहिलेल्या ‘फोर्स ऑन फोर्स’मध्ये शत्रूच्या कृतीला तत्क्षणी प्रतिसाद देता येतो.

दडपण : प्रत्यक्ष चकमकीत बहुतेक गोळ्या कोणास लागत नाहीत; त्या समोरच्यास मान वर काढू देत नाहीत. केवळ मृत व जखमी मोजणाऱ्या नियमसंचात हा परिणाम हरवतो. ‘बोल्ट ॲक्शन’मध्ये मारा झालेल्या तुकडीजवळ खुणा ठेवल्या जातात व त्या वाढतील तशी तुकडी आदेश पाळेनाशी होते.

प्रशिक्षण : ‘फोर्स ऑन फोर्स’मध्ये कमी शिकलेल्या सैनिकांना सहा बाजूंचा, तर अत्यंत निष्णात सैनिकांना बारा बाजूंचा फासा मिळतो. शस्त्र तेच असूनही परिणाम भिन्न का होतो, हे त्यामुळे दिसते.

समतोल : काही नियमसंचांत प्रत्येक सैनिकास गुण देऊन दोन्ही बाजू समबल केल्या जातात. स्पर्धेसाठी हे सोयीचे असते. आधुनिक चकमकी मात्र सहसा विषम असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना वेगवेगळे उद्दिष्ट देणारे प्रसंगाधारित नियम त्यांना अधिक मानवतात.

अहिल्यानगर जिल्ह्याचा संदर्भ

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे भारतीय सैन्याचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल व मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचे केंद्र आहे. येथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये स्थापन झाले. सेंच्युरियन, विजयंता, पॅटन इत्यादी रणगाडे तेथे जवळून पाहता येतात. झाकणे बंद केलेल्या रणगाड्यातून बाहेर पाहण्याच्या फटी किती अरुंद असतात हे तेथे लक्षात येते. रणगाड्यास सर्व दिशांना सारखेच दिसते असे मानणारा नियमसंच या कसोटीवर अपुरा ठरतो.

जिल्ह्याचा भूभागही अशी कसोटी पुरवितो. प्रवरा कालव्याखालील राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांत ऊस होतो, तर पारनेर, कर्जत, जामखेड हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. उभ्या उसात काही पावलांपलीकडचे दिसत नाही, परंतु ऊस गोळी अडवीत नाही. माळावरचा दगडी बांध गोळी अडवितो, पण त्यामागे कोणी आहे हे सहज कळते. दृष्टीआड असणे आणि गोळीआड असणे यांत भेद न करणाऱ्या नियमसंचात ऊस व बांध सारखेच ठरतात. तोडणीनंतर तेच शेत उघडे पडते. म्हणून प्रसंगात ऋतूही नमूद करावा लागतो.

मर्यादा

आधुनिक संघर्षांत भाग घेतलेले सैनिक आणि त्यांची झळ सोसलेली कुटुंबे आज हयात आहेत. वस्तीतील चकमकीत नागरिकही असतात. मेजावर त्यांना स्थानच न देणारा नियमसंच गोळीबार निर्धोक असल्याचा समज निर्माण करतो. नागरिकांस इजा झाल्यास उद्दिष्ट गमावल्याचे मानणारा नियमसंच खेळाडूस गोळीबार रोखून धरावयास लावतो. म्हणून नियमसंच निवडताना त्यात विजयाची व्याख्या कशी केली आहे हे तपासणे आवश्यक ठरते. कोणत्याही नियमसंचाचा निकाल हा त्याच्या लेखकाने युद्धाविषयी धरलेल्या गृहीतकांचा निकाल असतो. तो प्रत्यक्ष घटनेचा पुरावा ठरत नाही.